समोच्चरेषा वाचताना उंची नेमकी कशी समजून घ्यावी? पन्हाळा-कोल्हापूर परिसराच्या टोपोशीटवरून पडलेले प्रश्न

माळवाट :

नमस्कार. गेल्या मार्गशीर्षात आम्ही सात जण पन्हाळ्याहून मसाई पठारावर गेलो होतो. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट आषाढात इतकी मळलेली असते की तिच्यावर चुकणे अवघड. आम्ही मात्र त्या वाटेने पुढे न जाता पठाराच्या काठावरून थेट खालच्या वाडीत उतरायचे ठरवले होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ एल/१ या टोपोशीटवर, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या तपशीलवार नकाशावर, त्या बाजूच्या समोच्चरेषा इतर बाजूंपेक्षा विरळ दिसत होत्या. त्यावरून उतार सोपा असणार असा निष्कर्ष मी काढला आणि बाकीच्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. प्रत्यक्षात काठाशी पोहोचलो तेव्हा पायांसमोर जांभ्याचा तीन पुरुष खोल, ताशीव कडा होता. उतरायला जागा शोधत आम्ही काठाकाठाने दीड तास चाललो, ऊन कलले, आणि अखेर गुरे घेऊन परतणाऱ्या एका आजोबांनी आम्हांला जनावरांच्या वाटेने खाली आणले.

घरी आल्यावर भिंग घेऊन नकाशा पुन्हा पाहिला, पण आम्हांला अडवणारा तो कडा त्यावर कोठेच सापडला नाही. नकाशाच चुकीचा आहे, की मला तो वाचता येत नाही? आणखी एक गोष्ट मला सतावते. पठारावर मोबाइलमधील ॲप जी उंची दाखवत होते, ती नकाशावरच्या उंचीपेक्षा जवळजवळ सत्तर मीटरने कमी होती. ढगाळ हवा नव्हती, डोक्यावर झाड नव्हते. शिवाय डोंगराची सोंड आणि ओढ्याची घळ या दोन्हींच्या रेषा मला सारख्याच वळलेल्या दिसतात. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. पुढच्या वेळी सात जणांची जबाबदारी अंदाजावर घ्यायची नाही, असे मी ठरवले आहे.

नकाशाघर :

माळवाट, नकाशा चुकलेला नाही. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि समोच्चरेषांच्या पाठाला मुले नेमकी याच ठिकाणी अडखळताना पाहिली, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

समोच्चरेषा ही समुद्रसपाटीपासून समान उंचीवर असलेल्या ठिकाणांना जोडणारी रेषा, ही व्याख्या आपल्या सर्वांना पाठ असते. पण ती डोळ्यांसमोर उभी राहत नाही. कोल्हापूरकरांनी मात्र ती डोळ्यांनी पाहिलेली आहे. महापूर ओसरल्यावर घरांच्या भिंतींवर गाळाची जी रेघ उरते ती आठवून पाहा. एका घरात ती खिडकीच्या चौकटीला लागलेली असते, चढावरच्या पुढच्या घरात जोत्याला, आणि त्याहून पुढे ती रस्त्यालाच टेकून संपते. पाणी जेथे जेथे जमिनीला टेकले ती सगळी ठिकाणे नकाशावर जोडली की एक वेडीवाकडी रेषा मिळते, तीच समोच्चरेषा. आता कल्पना करा की पाणी वीस मीटरने आणखी चढले आणि पुन्हा तशीच रेषा काढली, मग आणखी वीस मीटरने. टोपोशीटवरच्या तपकिरी रेषा म्हणजे अशा कल्पित पाण्याच्या एकावर एक कडा आहेत.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या वीस मीटरमध्ये आहे. १:५०,००० प्रमाणाच्या या शीटवर लगतच्या दोन समोच्चरेषांमधील उंचीचे अंतर २० मीटर आहे, आणि ते नकाशाच्या खालच्या समासात छापलेले असते. दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे जाड रेषांमध्ये १०० मीटरचा फरक. पठाराच्या काठाची उंची समजा ९१८ मीटर आहे आणि कड्याचा पायथा ९१२ मीटरवर आहे. ९०० आणि ९२० या दोन रेषांच्या मध्ये तो पूर्ण कडा मावून जातो आणि त्याच्यासाठी एकही रेषा काढली जात नाही. रेषेवर असलेल्या ठिकाणाची उंची नकाशा आपल्याला सांगतो. दोन रेषांच्या मध्ये काय घडते ते सांगत नाही. तेथे जमीन एकसारखी उतरत गेली असेल, मध्येच ताशीव तुटली असेल, किंवा आधी थोडी चढून मग उतरली असेल, तरी रेषा त्याच राहतील. आपण विरळ रेषांचा अर्थ "सोपा उतार" असा लावला. त्याचा खरा अर्थ "सरासरीने सोपा उतार" एवढाच होतो.

सोंड आणि घळ यांविषयी. गगनबावडा किंवा शाहूवाडीकडे भाताची खाचरे पाहिली असतील. खाचराचा बांध एका पातळीत ठेवावा लागतो, नाहीतर पाणी एका बाजूला जमते. हा बांध उतारावरून आडवा जात असताना मध्ये ओघळ आली की त्याला पातळी सोडता येत नाही, म्हणून तो ओघळीच्या उगमाच्या दिशेने आत वळतो, ओघळ ओलांडतो आणि पलीकडच्या अंगाने पुन्हा बाहेर येतो. समोच्चरेषा हेच करते. म्हणून घळीत रेषेचे टोक चढाच्या बाजूला, म्हणजे वाढत्या आकड्यांकडे असते. आणि सोंडेवर ते उताराच्या बाजूला, कमी आकड्यांकडे असते. वळण सारखेच दिसते हे आपले निरीक्षण बरोबर आहे. भेद ओळखण्यासाठी आकडे पाहावे लागतात. एक जाड रेषा शोधून तिचा आकडा वाचायचा, मग शेजारच्या जाड रेषेचा वाचायचा, म्हणजे चढ कोणीकडे आहे ते कळते. वळणाच्या टोकांतून ओढ्याची रेघ जात असेल तर ती घळच, यात शंका उरत नाही.

सड्यावरून :

सरांनी मूळ मुद्दा सांगितला आहेच. मी पंधरा वर्षे याच डोंगरांत भटकतो आहे, त्यामुळे जांभ्याच्या पठारांविषयी थोडी भर घालतो.

आपल्याकडे सडे, म्हणजे जांभ्याचे उघडे सपाट माथे, आणि पठारे यांची ठेवण एका ठरावीक पद्धतीची असते. खाली काळा पाषाण, वर जांभ्याचे जाड झाकण, आणि त्या झाकणाची कड बहुतेक ठिकाणी तुटलेली. नकाशावर पठाराचा माथा म्हणजे जवळजवळ रिकामी जागा दिसते, कारण मैलभर चालूनही वीस मीटरची चढ-उतार होत नाही; आणि त्या रिकाम्या जागेला लागून रेषांची पहिली ओळ येते. या रिकाम्या जागेच्या कडेला, पहिली रेषा सुरू होण्याआधी किंवा लगेच नंतर, कडा आहे असे गृहीत धरूनच मी वाट आखतो. जेथे ओढा पठाराची कड कापून खाली गेला आहे, म्हणजे पहिल्या दोन-तीन रेषांनी पठाराच्या आत खोल खाच घेतली आहे, तेथे कडा झिजलेला असण्याची शक्यता सर्वाधिक असते. गुरांच्या वाटा बहुधा त्याच खाचांतून उतरतात. आजोबांनी आपल्याला ज्या वाटेने आणले ती जागा नकाशावर शोधून पाहा. रेषांमध्ये अशी खाच आपल्याला तेथे मिळेल, असा माझा अंदाज आहे.

उतार मोजायचा असेल तर साधी पट्टी पुरते. १:५०,००० मध्ये नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. दोन लगतच्या रेषांमध्ये एक मिलिमीटर अंतर असेल तर ५० मीटर आडवे जाताना २० मीटर चढायचे आहे, म्हणजे ४० टक्के उतार, अंशांत सांगायचे तर सुमारे २२ अंश. दोन मिलिमीटर असेल तर ११ अंश. पाठीवर ओझे असतानाही तो चढ निवांत जमतो. अर्धा मिलिमीटर असेल तर जवळजवळ ३९ अंश, आणि तेथे पावसाळ्यात ओल्या गवतावरून उतरण्याचा विचारही करू नये. इतक्या दाट रेषा मोजताना डोळा फसतो, म्हणून जाड रेषा धराव्यात: दोन जाड रेषा पट्टीवर पाच मिलिमीटर अंतरावर असतील तर ४० टक्के, दोन मिलिमीटरवर असतील तर थेट ४५ अंश.

पाण्याविषयी एक महत्त्वाची गोष्ट, जी मी एका एप्रिलमध्ये तहान लागल्यावर शिकलो. टोपोशीटवर निळ्या रंगात पाणी असते, परंतु जे ओढे वर्षातून बराच काळ कोरडे असतात ते काळ्या रेघांनी दाखवलेले असतात. आपल्या बाजूचे बहुतेक ओढे काळेच आहेत. घळीत उतरले की पाणी मिळेल असे समजून काळ्या रेघेवर भरवसा ठेवू नये.

माळवाट :

सरांचे आणि सड्यावरून यांचे मनापासून आभार. मी आत्ताच पट्टी घेऊन बसलो. आजोबांची वाट जेथून उतरली तेथे खरोखरच तीन रेषा पठाराच्या आत वळल्या आहेत, आणि त्यांच्या टोकांतून एक बारीक काळी रेघ निघते. ही खाच मी त्या दिवशी पाहिली होती, पण ती "वाट लांबवते" म्हणून सोडून दिली होती.

चढाची बेरीज कशी करावी, हेही कोणी सांगेल का? पन्हाळा आणि पावनखिंडीजवळचे पांढरपाणी यांच्या उंचीतला फरक काढला तर तो फार वाटत नाही, पण ती वाट चालताना पाय वेगळेच सांगतात.

सड्यावरून :

दोन टोकांच्या उंचीची वजाबाकी करून चढ कळत नाही. वाटेवर पेन्सिल फिरवत जायचे आणि चढताना ओलांडलेली प्रत्येक रेषा मोजायची. उतरताना ओलांडलेल्या रेषा वेगळ्या मोजायच्या. चढाच्या रेषांना वीसने गुणले की एकूण चढ मिळतो. त्या वाटेवर आपण ओढ्यात उतरतो, सोंड चढतो, पुन्हा ओढ्यात उतरतो, असे दिवसभर चालते, त्यामुळे खरी चढाई टोकांच्या फरकाच्या कितीतरी पट निघते. मात्र वीस मीटरपेक्षा लहान चढ-उतार या मोजणीत येतच नाहीत, म्हणून मिळालेला आकडा नेहमी थोडा कमीच असतो.

वेळेसाठी मी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा हिशेब वापरतो. मीटरमध्ये तो असा वापरतात: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. बारा किलोमीटर अंतर आणि ४०० मीटर चढ असेल तर २ तास २४ मिनिटे अधिक ४० मिनिटे, म्हणजे ३ तास ४ मिनिटे. त्यात विश्रांती धरलेली नाही, आणि आपला चिखलही नाही. आषाढात मी हा वेळ सरळ दीडपट करतो.

नकाशा काढताना हेही लक्षात ठेवावे की ही वाट एका शीटवर मावत नाही. ७४ अंश रेखावृत्त ओलांडून पश्चिमेला गेलो की ४७ एल/१ संपते आणि ४७ एच/१३ सुरू होते. कोल्हापूर शहर पुन्हा तिसऱ्याच शीटवर, ४७ एल/२ वर आहे. नव्या खुल्या मालिकेत हे क्रमांक बदलले असून आपल्या भागाच्या शीटचा क्रमांक ई४३ ने सुरू होतो. ही मालिका विभागाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळते, त्यामुळे झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून पुसट रेषा मोजण्याची आता गरज नाही.

पाणसळ :

मी भूमापनाच्या कामात आहे. मोबाइलच्या सत्तर मीटरचे कोडे अजून कोणी सोडवलेले नाही, म्हणून लिहितो.

"समुद्रसपाटीपासून उंची" असे आपण म्हणतो तेव्हा कोणता समुद्र, हा प्रश्न खरा आहे. भारतातल्या उंचीच्या मोजणीचा शून्य बिंदू नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या दीर्घ नोंदींवरून ठरवण्यात आला आणि त्यावर आधारलेले देशाचे पहिले पातळीजाळे १९०९ साली जुळवून पूर्ण झाले. नकाशावरच्या उंच्या त्या सरासरी समुद्रपातळीपासून आहेत. उपग्रहांवरून जागा शोधणारे यंत्र मात्र समुद्र ओळखत नाही. ते पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती आकारापासून उंची काढते. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नसल्यामुळे खरी समुद्रपातळी त्या गणिती आकाराच्या कोठे वर तर कोठे खाली असते, आणि भारतीय द्वीपकल्पाच्या परिसरात ती बरीच खाली आहे. आपल्या भागात हा फरक साठ मीटरहून अधिक भरतो. ज्या ॲपमध्ये ही दुरुस्ती केलेली नसते ते कोल्हापुरात सगळीकडेच उंची तेवढ्याने कमी दाखवते. आपला सत्तरचा आकडा म्हणजे हा फरक आणि त्यात यंत्राची स्वतःची थोडी चूक. ॲपच्या सेटिंगमध्ये समुद्रपातळीनुसार दुरुस्तीचा पर्याय असेल तर तो चालू करावा. नसेल तर नकाशावर उंची छापलेल्या एखाद्या ठिकाणी उभे राहून फरक लिहून ठेवावा आणि दिवसभर तोच फरक मिळवत जावे.

अशी ठिकाणे नकाशावर तीन प्रकारची असतात. त्रिकोण आणि त्याच्याजवळ आकडा असेल तर ते त्रिकोणमितीचे स्थानक, बहुधा डोंगरमाथ्यावर. नुसता ठिपका आणि आकडा असेल तर ती त्या ठिकाणाची उंची. "बीएम" अशी अक्षरे आणि आकडा असेल तर तो तलचिन्हाचा दगड किंवा खूण, आणि काटेकोर पातळीमापन केलेले असल्यामुळे उंचीच्या बाबतीत तो सर्वांत विश्वासार्ह. चौथा एक आकडा पुष्कळांना फसवतो: धरणाच्या बांधाजवळ, तलावाच्या काठाजवळ किंवा तुटलेल्या कडेजवळ "३ आर", "६ आर" असे लिहिलेले असते. त्यातले "आर" हे सापेक्ष उंचीचे चिन्ह आहे. "६ आर" म्हणजे ती कड शेजारच्या जमिनीपेक्षा सहा मीटर उंच आहे. समुद्राशी तिचा संबंध नाही. माळवाट, रेषांमध्ये न मावणारे कडे दाखवण्याची जी थोडी सोय नकाशात आहे, ती हीच. सर्वेक्षकाला कड महत्त्वाची वाटली तर तो ती अशी नोंदवतो. प्रत्येक कडा नोंदवणे या प्रमाणात शक्य नसते.

पन्हाळ्याच्या उंचीचे निरनिराळे आकडे पुस्तकांत आणि फलकांवर वाचायला मिळतात, त्याचेही कारण बहुतेक वेळा असेच असते. एकाने सर्वोच्च जागेची उंची दिलेली असते, दुसऱ्याने गावाची, तिसऱ्याने पायथ्यापासूनची, आणि कोणी फुटांचे मीटर करताना चुकलेला असतो. कोठून मोजली आणि कोणत्या बिंदूची, हे सांगितल्याशिवाय दिलेली उंची अपुरी असते.

नदीकाठचे घर :

मी डोंगर चढणारी नाही, पण हा धागा वाचताना आमच्या घरचा प्रश्न मनात आला. आमचे घर नदीच्या बाजूच्या उतारावर आहे. २०१९ मध्ये पाणी पायरीला लागले आणि २०२१ मध्ये आत आले. दर पावसाळ्यात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी आम्ही तासातासाला बघतो: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. टोपोशीटवर आमचे घर ५४० आणि ५६० या रेषांच्या मध्ये येते. या नकाशावरून किती फुटांना पाणी आमच्या दारात येईल हे काढता येईल का? सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्यांना कधी हलवायचे हे आयत्या वेळी ठरवणे फार कठीण जाते.

पाणसळ :

ताई, आपला प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे: या नकाशावरून ते काढता येणार नाही, आणि कोणी काढून दिले तर त्यावर विसंबू नये.

बंधाऱ्याचे ४३ फूट हे समुद्रसपाटीपासूनचे नाहीत; ते तेथील मोजपट्टीच्या शून्यापासूनचे आहेत. ३९ फुटांची इशारा पातळी आणि २०१९ व २०२१ मध्ये ५५ फुटांच्या पुढे गेलेले पाणी, यांत सोळा-सतरा फुटांचे, म्हणजे सुमारे पाच मीटरचे अंतर आहे. नकाशाच्या दोन रेषांमधले अंतर वीस मीटर. आपल्या शहराचा सगळा महापूर त्या एका अंतराच्या चौथ्या भागात मावतो. जसा माळवाट यांचा कडा दोन रेषांच्या मध्ये हरवला, तसाच येथे पूर हरवतो.

नकाशाघर सरांच्या उदाहरणाला येथे एक मर्यादा घालतो, त्यांची क्षमा मागून. दोन-चार गल्ल्यांपुरती गाळाची रेघ ही समोच्चरेषाच असते. पण पुराचे पाणी वाहते असते, आणि वाहत्या पाण्याचा पृष्ठभाग नदीबरोबर उतरत जातो. प्रयाग चिखलीपासून नदीच्या खालच्या अंगाला शिरोळपर्यंतच्या गाळाच्या रेघा जोडल्या तर ती एका उंचीची रेषा होणार नाही. चिखलीची रेघ शिरोळच्या रेघेपेक्षा उंचावर असेल. म्हणून जलसंपदा विभाग पूररेषा वेगळ्या आखतो: सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. त्या समोच्चरेषा नसतात.

आपल्याला करता येण्यासारखे मात्र काही आहे, आणि ते नकाशापेक्षा अचूक आहे. घराच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची खूण अजून दिसत असेल, तर ती पुसण्याआधी रंगाची पक्की रेघ मारून साल लिहा. त्या दिवशी पाणी सर्वांत वर होते तेव्हा बंधाऱ्याची पातळी किती होती, ती नोंद शेजारी लिहा. मग गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. तिच्या दोन्ही टोकांचे पाणी नेहमी एका पातळीत राहते. त्याच्या साहाय्याने ती खूण उंबऱ्यापर्यंत, अंगणापर्यंत आणि गल्लीच्या तोंडापर्यंत आणा. उंबरा खुणेपेक्षा किती खाली आहे हे फूट-इंचांत कळले की तेवढे बंधाऱ्याच्या नोंदीतून वजा करा. उदाहरणार्थ, उंबरा खुणेच्या दोन फूट खाली असेल, तर नोंदीपेक्षा दोन फूट कमी पातळीला पाणी उंबऱ्याला लागेल. हे गणित आपल्या गल्लीपुरते बऱ्यापैकी लागू पडते. तरीही बंधाऱ्यापासून आपल्या घरापर्यंत पाण्याचा उतार दर पुरात थोडा बदलू शकतो, म्हणून उंबऱ्याच्या आकड्यावर थांबू नका. गल्लीचे तोंड कोणत्या पातळीला बंद होते तो आकडा काढा आणि त्याच्याही दोन-तीन फूट आधी आजींना हलवा.

नदीकाठचे घर :

खूण अजून आहे. रंगकामाच्या वेळी मी ती कपाटामागे राहू दिली होती. उद्याच शेजारच्या गवंडीकाकांना बोलावते. गल्लीच्या तोंडाचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता; दोन्ही वेळा घरात पाणी येण्याआधी वाट बंद झाली होती. फार आभारी आहे.

उपग्रहदृष्टी :

चर्चा उत्तम चालली आहे, पण कागदी शीटचा आग्रह मला पटत नाही. आज कोणत्याही ॲपमध्ये १० मीटर अंतराच्या समोच्चरेषा मोफत मिळतात. वीस मीटरमध्ये हरवणारा कडा दहा मीटरमध्ये सापडण्याची शक्यता दुप्पट होते. शिवाय शीटचे सर्वेक्षण जुने असते.

पाणसळ :

रेषा दाट काढल्याने माहिती वाढत नाही. मोफत ॲपमधल्या बहुतेक रेषा फेब्रुवारी २००० मधील अवकाशयानाच्या रडार मोहिमेच्या किंवा तशाच उपग्रहांच्या माहितीवरून संगणकाने ओढलेल्या असतात. ही माहिती सुमारे तीस मीटरच्या चौकटींत आहे. एका चौकटीला एकच उंची. जांभ्याचा उभा कडा अशा चौकटीत सापडला की वरची आणि खालची जमीन यांची सरासरी होऊन तेथे गुळगुळीत उतार तयार होतो. त्या मोहिमेचे उंचीच्या अचूकतेचे उद्दिष्टच १६ मीटरचे होते. ज्या माहितीत १६ मीटरची चूक मान्य आहे तिच्यावरून १० मीटरच्या रेषा काढल्या, तर त्या सुबक दिसतात, पण तेवढ्या खऱ्या नसतात. दाट झाडीत तर रडारला जमिनीऐवजी झाडांचे शेंडेच बऱ्याच अंशी दिसतात. हाताने आखलेल्या शीटवर निदान कड्याचे चिन्ह काढणारा माणूस तेथे डोळ्यांनी पाहत होता.

उपग्रहदृष्टी :

रेषांविषयीचे आपले म्हणणे मी मान्य करतो. ॲपमधली रेषा कोठून येते याचा मी विचार केला नव्हता. पण उपग्रहाची छायाचित्रे बाजूला ठेवू नयेत. कडा रेषांत दिसत नसला तरी त्याची सावली छायाचित्रात दिसते. सकाळच्या छायाचित्रात पठाराच्या पश्चिम काठाला काळी, बारीक पट्टी दिसली आणि ती मध्येच तुटली असेल, तर तुटलेल्या जागी उतरण्याजोगी वाट असू शकते. जुन्या शीटचा मुद्दाही राहतोच: आपल्या जिल्ह्यात काही पठारांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या, आणि तेथे माथाच खाली गेला आहे. तेथील जुन्या समोच्चरेषा आता खऱ्या नाहीत.

नकाशाघर :

खाणींचा मुद्दा अगदी रास्त आहे. समासात सर्वेक्षणाचे वर्ष छापलेले असते. ते वाचल्याशिवाय नकाशा उघडू नये असे मी मुलांना सांगत असे. पाणसळ यांनी माझ्या उदाहरणात केलेली दुरुस्तीही योग्य आहे. वर्गात ते उदाहरण इतकी वर्षे देताना मी नदीचा उतार गाळत आलो, याची खंत वाटते.

माळवाट :

सर्वांचे वाचून मी पठाराच्या काठाचा छेद, म्हणजे जमिनीचा बाजूने दिसणारा आकार, काढून पाहिला. नकाशावर सरळ रेघ ओढून कागदाच्या पट्टीवर प्रत्येक समोच्चरेषेची खूण घेतली, मग आलेखाच्या कागदावर आडवे १ सेंटिमीटरला ५०० मीटर आणि उभे १ सेंटिमीटरला १०० मीटर असे प्रमाण घेऊन बिंदू जोडले. छेद पाहून मात्र धास्तावलो. आजोबांची वाट साठ अंशांहून अधिक उभी दिसते आहे, आणि आम्ही तर ती हात न टेकता उतरलो होतो. माझे काय चुकले?

नकाशाघर :

काही चुकले नाही. आपण उभे प्रमाण आडव्याच्या पाचपट घेतले, म्हणून प्रत्येक चढ पाचपट ताणला गेला. ४० टक्क्यांचा उतार असेल तर त्याचा खरा कोन २२ अंश, पण आपल्या छेदात तो २०० टक्के होऊन ६३ अंश दिसतो. छेद ताणावाच लागतो, नाहीतर पठार आणि घळ यांतला फरक डोळ्यांना जाणवत नाही. मात्र कोन कधीही छेदावरून मोजू नये, रेषांमधल्या अंतरावरून काढावा. छेदाखाली "उभे प्रमाण पाचपट" असे लिहून ठेवा, म्हणजे तुमच्याबरोबरचे लोक तो पाहून घाबरणार नाहीत किंवा दुसऱ्या एखाद्या छेदाशी त्याची तुलना करणार नाहीत.

माळवाट :

छेदाखाली तसे लिहिले आहे. काल आम्ही तिघे पुन्हा पठारावर गेलो होतो, या वेळी खाचेच्या वाटेने वर चढून. सकाळच्या छायाचित्रात काळी पट्टी जेथे तुटलेली दिसते तेथेच ती खाच आहे. ज्या जागी अडकलो होतो तेथे काठाशी पालथे पडून, दोराला दगड बांधून तो खाली सोडला आणि दोर घरी येऊन टेपने मोजला: पाच मीटर ऐंशी सेंटिमीटर. शीटच्या माझ्या प्रतीवर त्या काठाला पेन्सिलने आखूड रेघा मारल्या आहेत, शेजारी "६ आर" असे लिहिले आहे, आणि समासात तारीख घातली आहे.